आजींचे १,८४० रुपये

वाद कशावरून पेटला ते आधी सांगतो. माझ्या किराणा दुकानाच्या वहीत एका आजींच्या नावावर १,८४० रुपये पडून आहेत. येणं नव्हे, जमा. मी त्यांचं देणं लागतो. आणि आजी गौरी-विसर्जनानंतर दोन दिवसांनी गेल्या. तेराव्याला मी जाऊन आलो, पण तिथे पैशांचा विषय काढायला जीभ रेटली नाही. म्हणून घटस्थापनेच्या रात्री दुकान वाढवून कट्ट्यावर आलो आणि विचारलं, या पैशांचं मी काय करू?

आमचा कट्टा ठाण्याच्या नौपाड्यात, गावदेवी मैदानापासून हाकेच्या अंतरावर. नेहमीची मंडळी होती. गणित शिकवून निवृत्त झालेले मास्तर, वकीलसाहेब, बँकेत हयात घालवलेले काका. पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या वहिनी रोजच्यासारख्या शेवटचा डबा देऊन आल्या. रिक्षावाला भाऊ तेवढा उशिरा आला, टेंभीनाक्याला देवीची गर्दी होती म्हणून.

मास्तरांनी पहिल्याच दमात निकाल लावला. "ग्रंथसंग्रहालयाला देणगी दे त्यांच्या नावाने. आजी तिथल्या जुन्या सभासद. १८९३ सालची संस्था आहे, पैसा सत्कारणी लागेल."

"देणगी कुणाच्या पैशातून?" वकीलसाहेब लगेच म्हणाले. "ते पैसे अण्णाचे नाहीत. मयत बाईंचे आहेत, म्हणजे आता वारसांचे. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा, कलम १५. यजमान आधीच गेलेत, म्हणजे मुलगा आणि मुलगी, सारखा वाटा. नऊशे वीस, नऊशे वीस."

"आहो, १,८४० रुपयांना कलम कसलं लावता?" भाऊ म्हणाला.

"रकमेवर कायदा बदलत नाही."

काकांचं म्हणणं वेगळंच होतं. मुळात किराणा दुकानात गिऱ्हाइकाने पैसे जमा का ठेवावेत, हेच त्यांना पटत नव्हतं. "व्याज नाही, पावती नाही, सुरक्षितता नाही. अण्णा, राग मानू नकोस, पण म्हातारीला कुणी सांगायला हवं होतं."

राग नाही आला, पण तिथून मी बोलायला लागलो आणि मग बराच वेळ मीच बोलत होतो. कारण ते पैसे जमा का होते, यातच आजी कशा होत्या ते सगळं आलं.

दिवाळीच्या आधी आमच्या धंद्यात रोकडीची फार ओढाताण असते. वाशीच्या घाऊक बाजारात, दाणा बंदरात आणि मसाला मार्केटला, माल भरायचा तो नवरात्राच्या आसपास, आणि गिऱ्हाईक पैसे मोकळे करणार बोनस झाल्यावर, म्हणजे धनत्रयोदशी तोंडावर आल्यावर. मधले तीन-चार आठवडे दुकानदार उसनवारीवर काढतो. वडिलांच्या वेळेपासून हे असंच आहे. वडील गेल्यानंतरच्या पहिल्याच दिवाळीआधी आजी (तेव्हा मी त्यांना काकू म्हणायचो, केस पिकले तशा त्या आजी झाल्या) आषाढात दुकानात आल्या आणि एक नोट पुढे करून म्हणाल्या, "दिवाळीच्या यादीतले धर. पुढच्या महिन्यात आणखी देईन." मी म्हटलं, काकू, यादी कुठाय अजून? तर म्हणाल्या, "यादी दिवाळीत. तुला माल आत्ता भरायचाय ना?"

तेव्हापासून दरवर्षी आषाढ लागला की पेन्शनमधून काहीतरी माझ्याकडे यायचं. अलीकडे महिन्याला पाचशे. यंदाचे तिसरे पाचशे त्यांनी गौरींचं सामान न्यायला आल्या तेव्हा दिले, वर आधीचे ३४० शिल्लक होते. एका आजींच्या पाचशेने दुकानाचा माल भरत नाही, हे मला कळतं आणि त्यांनाही कळत होतं. पण त्यांचं बघून त्यांच्या इमारतीतल्या आणखी काहीजणी तसंच करायला लागल्या. मला कधीही कुणापुढे हात पसरावा लागू नये, याची सोय त्या बाईंनी केली आणि ती अशा बेताने केली की उपकार केल्यासारखं कधी वाटलं नाही. स्वतःच्या दिवाळीचे पैसे स्वतः आधी भरताहेत, एवढंच दिसायचं.

"हे बरं सांगितलंस," काका म्हणाले, पण गप्प बसले नाहीत. "पण तू त्यांना मायाळू मायाळू म्हणतोस आणि मला आठवतंय ते निराळंच. मी तुझ्या दुकानात उभा असताना त्या दरवेळी काय म्हणायच्या? 'आधी काटा शून्यावर आण.' दरवेळी! माझ्यावर कुणी असा अविश्वास दाखवला असता तर मी दुसऱ्या दिवशी त्याचं तोंड बघितलं नसतं."

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो म्हणून त्यावर जरा थांबतो. खरं आहे, त्या म्हणायच्या. इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकामी पिशवी ठेवून शून्य करून घ्यायच्या, मगच डाळ ओतू द्यायच्या. सरकारच्या वैधमापन खात्याचा शिक्का दरवर्षी मारून घ्यावा लागतो, तो यंदाचा आहे ना, हेही वाकून बघायच्या. आणि हे सगळं सकाळच्या गर्दीत, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात. वजन बरोबर भरलं की तितक्याच मोठ्या आवाजात म्हणायच्या, "बरोबर आहे हो!"

आता विचार करा. दुकानात नवीन भाडेकरू उभा आहे, त्याला माझी ओळख नाही. त्याच्यासमोर एक वयस्कर बाई काटा तपासून घेते, शिक्का बघते आणि बरोबर असल्याची ग्वाही देते. त्याला मी वेगळं काय सांगायचं? आजींना माझा संशय असता तर त्या दोन दुकानं सोडून पुढे गेल्या असत्या. मोठमोठी दुकानं आणि मॉल त्यांच्या दारात होते. त्या मुद्दाम बघायच्या आणि मुद्दाम ऐकू जाईल असं बोलायच्या.

"हे तू आत्ता लावलेला अर्थ आहे," काका म्हणाले.

"नाही काका," वहिनी मध्ये पडल्या. "माझ्याकडे पण तेच. मी केंद्र सुरू केलं तेव्हा पहिले काही दिवस आजी येऊन उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, तेल कुठलं, कधी बदललंस? मला घाम फुटायचा. मग एकदा म्हणाल्या, 'अगं, मी विचारते म्हणून बाकीच्यांना विचारावं लागत नाही.' त्यांच्या तोंडचं वाक्य आहे हे."

काकांनी यावर चहा सांगितला. ते मान्य करण्याची ही त्यांची पद्धत आहे, आम्हाला ठाऊक आहे.

मास्तरांना २०१६ ची आठवण झाली. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि दुसऱ्या दिवशी बँकाही बंद. दुकानात माल भरपूर, गिऱ्हाईकही दारात, पण सगळ्यांच्या हातात पाचशेची नोट. एक दुधाची पिशवी आणि एक पाव विकायचा तर सुटे कुठून आणणार? पुढे दोन हजाराची नोट आली, तिने तर आणखीच पंचाईत केली. नोटा बंद झाल्या त्याच्या दुसऱ्याच सकाळी आजी आल्या त्या पत्र्याचा डबा घेऊन. आत दहाची, पाचाची, दोनाची नाणी, रुपये. देवापुढे टाकलेले, भाजीतून उरलेले, वर्षानुवर्षांचे. काऊंटरवर ढीग ओतला आणि म्हणाल्या, "मोज. वहीत लिही. जसे जमतील तसे नोटांनी परत कर, मला घाई नाही." मी आणि माझा मुलगा नाणी मोजत बसलो. दहा-दहाच्या चळती लावल्या. मोजून झाल्यावर त्यांनी स्वतः पुन्हा मोजल्या, मग गेल्या. त्या दिवशी आमच्या गल्लीत माझ्याइतके सुटे कुणाकडेच नव्हते. शेजारच्या भाजीवालीलाही त्यातूनच दिले, आजींनीच तसं सांगितलं होतं.

"मोजून घेतले आणि मोजून दिले," मास्तर म्हणाले. "गणिताच्या मास्तराला अशी माणसं आवडतात."

आणि २०२० चा मार्च. जनता कर्फ्यूच्या आदल्या दिवशी माणसं दहा-दहा किलो पीठ उचलत होती. मी कुणाला नाही म्हणू शकत नव्हतो, रोजची गिऱ्हाइकं होती. आजींचा नंबर आला. त्यांनी दोन किलो पीठ मागितलं. मी म्हटलं, आजी, पाच घेऊन ठेवा, पुढचं काही खरं नाही. त्या मागे वळल्या, रांगेकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मी एकटी बाई. दोन किलो मला पंधरा दिवस जाईल. ह्या सगळ्यांना पुरायला नको?" रांगेतल्या दोघा-तिघांनी आपापल्या पिशव्या हलक्या केल्या. मी डोळ्यांनी बघितलंय. पुढे टाळेबंदीत त्यांची यादी फोनवर यायची आणि सामान माझा मुलगा त्यांच्या दाराशी ठेवून यायचा. दाराच्या कडीला पिशवी लावलेली असायची, त्यात पैसे मोजून ठेवलेले, आणि मुलासाठी वेगळ्या पुडीत दोन खोबऱ्याच्या वड्या.

भाऊ इतका वेळ ऐकत होता. त्याला त्या अलीकडच्या ठाऊक. आजींची इमारत पुनर्विकासाला गेली, तशा नौपाड्यातल्या किती गेल्या! बिल्डरच्या भाड्यावर त्या घोडबंदर रोडला कासारवडवलीकडे राहायला गेल्या. मला वाटलं, आता संपलं. तिथून किराण्यासाठी कोण येतं? पण महिन्यातून एकदा भाऊच्या रिक्षातून यायच्या. सकाळी आधी कौपिनेश्वराचं देऊळ, मग पुस्तक बदलायचं, मग माझं दुकान, मग परत. मेट्रोच्या कामाने घोडबंदर रोडचं काय झालंय ते ठाण्यात कुणाला सांगायला नको.

"कापूरबावडीला अडकलो की अर्धा-अर्धा तास," भाऊ म्हणाला. "मी वैतागायचो. आजी म्हणायच्या, 'मीटर चालू दे, तुझा वेळ जातोय.' आणि पिशवीतून पुस्तक काढून मोठ्याने वाचायच्या. मला ऐकू जावं म्हणून. एक कादंबरी आम्ही अर्धी वाचली दोघांनी मिळून. आता उरलेली कोण वाचणार?"

कुणी काही बोललं नाही थोडा वेळ. मग वकीलसाहेबच म्हणाले, "हे सगळं ठीक आहे, अण्णा, पण प्रश्न तिथेच आहे. तुझ्या मनात काय आहे ते तरी सांग."

माझ्या मनात होतं ते सांगितलं. ते पैसे दिवाळीच्या यादीचे होते. मग यादी भरावी. दरवर्षी त्यांची यादी जवळपास तीच असते. गेल्या कित्येक वर्षांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे तारेत ओवलेल्या आहेत. पाठकोऱ्या कागदावर, निळ्या शाईत, बारीक गोल अक्षर. तांदूळ जुना एक किलो, हरभरा डाळ अर्धा, उडीद डाळ पाव, मूग डाळ पाव, धणे, जिरे, तीळ. मग पातळ पोहे, डाळं, रवा, बेसन, साखर, तूप. आणि दरवर्षी एका ओळीखाली रेघ मारलेली असते: 'खोबरं दाखवूनच दे, खवट नको.' हे सगळं बांधून डोंबिवलीला मुलीकडे पोचवावं, वर जे उरेल ते रोख द्यावं. घटस्थापनेच्याच दिवसापासून, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून, तुपावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला होता. भाजणीचं सुटं धान्य तर करातच नाही. हजार-बाराशेत सगळं बसलं असतं. आजींना दराचा हा फरक सांगायला मला फार आवडलं असतं. त्यांनी आधी बिल बघायला मागितलं असतं, ती गोष्ट वेगळी.

"मी रिक्षातून पोचवतो," भाऊ म्हणाला. "भाडं नको."

"पैशाचं देणं वस्तूत फेडता येत नाही, समोरच्याची संमती असल्याशिवाय," वकीलसाहेब म्हणाले. "आणि मुलाचा वाटा तू परस्पर रव्यात कसा घालवतोस? तो परदेशात आहे म्हणून त्याचा हक्क जात नाही."

"आणि मुळात पाठवायचंच नाही!" वहिनी एकदम म्हणाल्या. "तुम्हा पुरुषांना काही कळतं का? आई जाऊन महिना झाला नाही अजून. वर्षाच्या आत घरात कढई चढवत नाहीत. दिवाळीला अशा घरी कच्चं सामान नेऊन ठेवायचं, म्हणजे तिने ते बघत बसायचं?"

मास्तर म्हणाले, "वर्ष मुलाच्या घरी. लेक दिलेल्या घरची. तिला तीन दिवसांचं सुतक, पुढे काही नाही."

"शास्त्रात नसेल. आई तिची गेलीय, मास्तर."

यावर मास्तर जे गप्प झाले ते झालेच. मला वहिनींचं पटलं. अशा घरी फराळ करत नाहीत, शेजारीपाजारी आणून देतात, ही आपल्याकडची रीत आहे आणि फार शहाणपणाची रीत आहे. ती माझ्या लक्षात येण्याआधी वहिनींच्या लक्षात आली, बरं झालं.

काका म्हणाले, मग सरळ पैसे पाठव, मोबाईलवरून दोन मिनिटांचं काम. वकीलसाहेब म्हणाले, आधी विचार. वहिनी म्हणाल्या, "विचारायचंय तर आत्ता विचार, उद्या तू दुकानात अडकशील." साडेनऊ वाजले होते. मी फोन लावला.

आजींची मुलगी मला काका म्हणते. मी जमेची रक्कम सांगितली, कशी जमली ते सांगितलं. तिला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दर दिवाळीला आई फराळाचे डबे घेऊन यायची एवढंच तिला माहीत. भावाचं विचारलं, तर म्हणाली, त्याने सांगितलंय, ताई, आईचं जे काही असेल ते तूच बघ. मी म्हटलं, तरी त्याचा एक निरोप माझ्या फोनवर येऊ दे. (वकीलसाहेबांनी मान डोलावली.) मग ती जरा थांबली आणि तिने विचारलं, "काका, आईच्या भाजणीचं प्रमाण तुमच्याकडे आहे का हो? तिने कधी लिहून ठेवलं नाही. मी विचारलं की म्हणायची, सांगेन. घरात सगळं शोधलं मी."

मी म्हटलं, माझ्याकडे आहे. दरवर्षीचं आहे. आजींच्याच अक्षरात.

फोनवर ती रडली. मी थांबलो. इकडे सगळ्यांना ऐकू जात होतं.

मग बोलणं सरळ झालं. यंदा तिच्याकडे तळण नाही, वहिनींचा अंदाज बरोबर होता. पण भाजणी तिला हवी आहे. ती शनिवारी ठाण्याला येणार आहे. धान्य मी आजींच्या यादीप्रमाणे काढून ठेवायचं, धुऊन वाळवून भाजायचं ते वहिनींच्या केंद्रात, तिच्या समोर. चकल्या वहिनी करणार आणि फराळाचा डबा दिवाळीत भाऊ डोंबिवलीला नेणार. धान्याचे पैसे जमेतून वळते करायचे. उरलेल्या रकमेचे दोन भाग, एक तिच्या हातात सहीनिशी, दुसऱ्याचं तिचा भाऊ सांगेल तसं. वहिनींनी मजुरी घेणार नाही असं सांगितलं तेव्हा मुलगी म्हणाली, "आईने दिली असती. बिल करा." वहिनींना ते मान्य करावं लागलं. आवाज हुबेहूब आईचा.

चिठ्ठ्या मात्र सगळ्या द्यायच्या की काही मी ठेवायच्या, यावर पुन्हा जुंपली. वकीलसाहेब म्हणतात, ती दुकानाची कागदपत्रं आहेत, अण्णाची. मास्तर म्हणतात, अक्षर आईचं आहे, लेकीची आहेत. मी माझ्यापुरतं ठरवलंय. चिठ्ठ्या तिच्या. एक मागून घेईन, ती रेघ मारलेली खोबऱ्याची. दिली तर दिली.

आणि तिळाचा प्रश्न राहिलाच. यादीत तीळ आहेत, पण ते धान्याबरोबर भाजून दळायचे की पीठ मळताना घालायचे, ते त्यात लिहिलेलं नाही. वहिनी म्हणतात, मळतानाच, भाजणीत तीळ घातले तर दळताना तेल सुटतं. मास्तरांच्या घरी भाजणीतच घालतात म्हणे आणि पिठाला काही होत नाही. काका वहिनींच्या बाजूने आहेत. शनिवारी मुलगी आली की पहिल्यांदा तिलाच विचारणार आहे, आईच्या चकलीत तीळ आख्खे दिसायचे का.